फायलेरिया कृमी, वोल्बाकिया आणि रोगप्रतिकार

फायलेरिया कृमी हे माणूस व इतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात राहणारे, दोऱ्यासारखे बारीक परजीवी गोलकृमी होत. हत्तीरोग आणि नदी-अंधत्व हे माणसाला अपंग करणारे दोन रोग या कृमींमुळे होतात. यांतील बहुतेक महत्त्वाच्या जातींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जीवाणू वास्तव्य करतात. हे जीवाणू कृमीचे सहजीवी असून त्यांच्यावाचून कृमीची वाढ व प्रजनन होत नाही. त्यामुळे कृमीची लागण झालेल्या माणसाच्या रोगप्रतिकार यंत्रणेला एकाच वेळी दोन अगदी भिन्न जीवांना तोंड द्यावे लागते. त्यांपैकी एक अनेक पेशींचा बनलेला, डोळ्यांना दिसू शकेल एवढा मोठा कृमी असतो. दुसरा त्या कृमीच्या पेशींत दडलेला सूक्ष्म जीवाणू असतो.

या दोन्ही रोगांतील दाह, सूज व ऊतींची हानी ही केवळ कृमीच्या विरोधात होणाऱ्या प्रतिक्रियेमुळे घडते, असे दीर्घकाळ मानले जात होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांपासून झालेल्या संशोधनामुळे या समजुतीत मोठा बदल झाला. रोगलक्षणांचा बराचसा भाग कृमी मरताना किंवा पिल्ले सोडताना बाहेर पडणाऱ्या वोल्बाकियामुळे उद्भवतो, हे त्यातून स्पष्ट झाले. कृमीला थेट न मारता त्याच्या जीवाणूला प्रतिजैविकाने मारावे आणि त्यायोगे कृमीचा नाश करावा, ही उपचारपद्धती या ज्ञानातूनच पुढे आली.

कृमी व त्यांचे जीवनचक्र

माणसातील हत्तीरोगास वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, ब्रुगिया मलायी व ब्रुगिया टिमोरी या तीन जाती कारणीभूत असतात. त्यांपैकी सुमारे ९० टक्के लागण वुचेरेरिया बँक्रॉफ्टीमुळे होते. या कृमींचा प्रसार डासांमार्फत होतो. डास चावताना त्याच्या सोंडेवरील अळ्या त्वचेवर उतरतात, दंशाच्या जखमेतून शरीरात शिरतात आणि लसीका वाहिन्यांत जाऊन काही महिन्यांत प्रौढ होतात. प्रौढ कृमी साधारणपणे ६ ते ८ वर्षे जगतात. या काळात मादी लक्षावधी सूक्ष्म पिल्लांना जन्म देते. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. वुचेरेरियाची पिल्ले बहुतेक प्रदेशांत रात्रीच्या वेळी त्वचेलगतच्या रक्तात मोठ्या संख्येने येतात. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना रात्री घेण्याची पद्धत आहे.

नदी-अंधत्वास ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस हा कृमी कारणीभूत असतो. वेगाने वाहणाऱ्या नद्यांच्या काठी वाढणाऱ्या काळ्या माश्या त्याचा प्रसार करतात; रोगाच्या नावात ‘नदी’ हा शब्द आला आहे तो यामुळेच. या कृमीची मादी त्वचेखालच्या गाठींत १० ते १५ वर्षे जगते. तिची पिल्ले रक्तात न जाता त्वचेत व डोळ्यांत हिंडत राहतात. या रोगाचे ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत. येमेन व लॅटिन अमेरिकेतील काही भागांतही तो आढळतो. कोलंबिया, एक्वादोर, मेक्सिको व ग्वातेमाला या देशांतून तो २०१३ ते २०१६ या काळात हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. भारतात हा रोग स्थानिक नाही.

वोल्बाकियाचा शोध

मार्शल हर्टिग व सिमिऑन बर्ट वोल्बाक या अमेरिकी संशोधकांना १९२४ मध्ये क्युलेक्स पिपियन्स या डासाच्या जननेंद्रियांत पेशींच्या आत राहणारे जीवाणू आढळले. हर्टिग यांनी १९३६ मध्ये आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून त्यांना वोल्बाकिया पिपियन्टिस असे नाव दिले. पुढे हे जीवाणू कीटकांच्या असंख्य जातींत सापडले. टायफस ज्वरास कारणीभूत असणाऱ्या रिकेट्सियांशी त्यांचे दूरचे नाते आहे. मात्र वोल्बाकिया माणसाच्या पेशींत वाढत नाहीत आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नाहीत.

फायलेरिया कृमींच्या शरीरातही जीवाणूंसारखे काही आहे, हे १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या छायाचित्रांत दिसले होते. तथापि त्या निरीक्षणाकडे सुमारे वीस वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कुत्र्यांच्या हृदयात राहणाऱ्या डायरोफायलेरिया इमिटिस या कृमीतील जीवाणूंचा जनुकीय अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते वोल्बाकियाशी निकटचे नाते असलेले जीवाणू असल्याचे निश्चित झाले. त्यानंतर माणसातील कृमींतही त्यांचा शोध घेण्यात आला. ब्रुगिया मलायीतील वोल्बाकियाचा संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये, तर खुद्द ब्रुगिया मलायीचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

सहजीवनाचे स्वरूप

कीटकांतील वोल्बाकिया बहुधा यजमानाच्या प्रजननात ढवळाढवळ करतात. काही जातींत ते नरांचा नाश करतात, तर काहींत नरांचे माद्यांत रूपांतर घडवतात. त्यांच्यावाचून कीटकाचे सहसा काही अडत नाही. कृमींमधील नाते याहून वेगळे असून ते परस्परावलंबनाचे आहे.

प्रौढ कृमीत हे जीवाणू त्वचेखालच्या दोन पार्श्वपट्ट्यांत दाटीने आढळतात. मादीच्या अंडाशयात, अंड्यांत व गर्भांतही ते असतात. नराच्या जननेंद्रियांत मात्र नसतात. आईकडून पिल्लाकडे असाच त्यांचा वारसा चालतो. अळीने माणसाच्या शरीरात प्रवेश केल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यांची संख्या झपाट्याने वाढू लागते.

जनुकसंचाच्या अभ्यासातून या देवघेवीचा अर्थ लागला. रक्तातील लोहयुक्त घटक असलेला हीम, रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आणि न्यूक्लिओटाइडे तयार करण्याचे मार्ग वोल्बाकियात आहेत. कृमीला हीम स्वतः तयार करता येत नाही. उलट बहुतेक अमिनो आम्लांसाठी जीवाणू कृमीवर अवलंबून असतात. जीवाणू नष्ट केल्यास प्रथम मादीच्या गर्भांची वाढ थांबते, नंतर पिल्ले निर्माण होणे बंद होते आणि कालांतराने प्रौढ कृमीही मरतो.

कृमीविरुद्धचा प्रतिकार

जीवाणू किंवा विषाणू यांना भक्षकपेशी गिळून टाकू शकतात. अनेक मिलिमीटर वा सेंटिमीटर लांबीचा कृमी कोणतीही पेशी गिळू शकत नाही. त्यामुळे कृमींसाठी शरीराने वेगळ्या प्रकारची प्रतिकारव्यवस्था विकसित केली आहे. तिला दुसऱ्या प्रकारचा प्रतिसाद असे म्हणतात. साहाय्यक टी पेशींचा टीएच-२ हा गट या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असतो. या पेशी इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-५ व इंटरल्युकिन-१३ हे संदेशवाहक रेणू स्रवतात. इंटरल्युकिन-४ मुळे बी पेशी आयजीई या वर्गाची प्रतिपिंडे तयार करू लागतात. इंटरल्युकिन-५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. रक्ततपासणीत इओसिनोफिलांचे प्रमाण वाढलेले दिसल्यास वैद्यांच्या मनात कृमींची शंका येते ती याच कारणाने.

प्रतिपिंडांनी वेढलेल्या अळीला किंवा मायक्रोफायलेरियाला इओसिनोफिल बाहेरूनच चिकटतात आणि आपल्या कणांतील विषारी प्रथिने तिच्यावर ओततात. शत्रू गिळण्याजोगा नसेल तर त्याला घेरून मारायचे, असे या लढाईचे स्वरूप असते. अळ्या व पिल्ले यांच्याविरुद्ध हा मार्ग बराच परिणामकारक ठरतो. प्रौढ कृमी मात्र याच शरीरात वर्षानुवर्षे सुखरूप राहतात.

प्रतिकाराला आवर घालणारी यंत्रणा

प्रौढ कृमीच्या दीर्घायुष्याचे एक कारण असे की, तो यजमानाच्या प्रतिकार यंत्रणेला शांत ठेवतो. कृमीच्या स्रावांमुळे नियामक टी पेशी वाढतात. इंटरल्युकिन-१० व टीजीएफ-बीटा हे दाह कमी करणारे रेणू अधिक प्रमाणात निर्माण होतात आणि कृमीच्या प्रतिजनांना टी पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत. याच वातावरणात आयजीजी-४ या वर्गाची प्रतिपिंडे वाढतात. ती आयजीईप्रमाणेच कृमीच्या प्रतिजनांना चिकटतात, परंतु दाह पेटवत नाहीत. आयजीईची जागा आधीच अडवून ठेवल्यामुळे ती एका अर्थी शांतिरक्षकाचे काम करतात.

या समतोलाचे परिणाम रुग्णांच्या प्रकृतीत दिसून येतात. हत्तीरोगग्रस्त प्रदेशांत रक्तात असंख्य मायक्रोफायलेरिया असूनही वरकरणी निरोगी दिसणारी माणसे मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या रक्तात आयजीजी-४ चे प्रमाण जास्त आढळते. पाय सुजलेल्या अनेक जुन्या रुग्णांच्या रक्तात मात्र पिल्ले सापडत नाहीत आणि त्यांचा प्रतिकार-प्रतिसाद अधिक तीव्र असतो. दुसऱ्या टोकाला उष्णकटिबंधीय फुप्फुसीय इओसिनोफिलिया हा विकार आहे. त्यात पिल्ले रक्तात टिकतच नाहीत. त्यांच्याविरुद्धच्या अतितीव्र प्रतिसादामुळे रात्रीचा खोकला, धाप आणि इओसिनोफिलांची प्रचंड वाढ ही लक्षणे दिसतात. या विकाराची पहिली सविस्तर वर्णने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीस दक्षिण भारतातील रुग्णांवरून झाली. नदी-अंधत्वातही असेच एक टोक आहे. येमेन व सुदानमध्ये आढळणाऱ्या ‘सौदा’ या प्रकारात पिल्ले थोडी, पण त्वचेचा दाह अतिशय तीव्र असतो.

सारांश, या रोगांत हानी किती होईल हे कृमींच्या संख्येपेक्षा शरीराच्या प्रतिसादावर अधिक अवलंबून असते.

वोल्बाकियाविरुद्धचा प्रतिकार

कृमी प्रतिकार यंत्रणेला निजवत असतो, तर वोल्बाकिया तिला जागे करतात. जीवाणूंच्या आवरणातील विशिष्ट रेणू ओळखणारे टोल-सदृश ग्राहक शरीराच्या भक्षकपेशींवर असतात. असा रेणू भेटताच पेशी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ यांसारखे दाहकारक संदेश पाठवतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि ताप, सूज व वेदना सुरू होतात. ही प्रतिक्रिया कृमीविरुद्धच्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादाहून पूर्णपणे वेगळी आहे.

वोल्बाकियातील कोणता रेणू हे घडवतो, याविषयीचे मत कालांतराने बदलले. अनेक जीवाणूंच्या आवरणात असणाऱ्या लिपोपॉलिसॅकराइड या अंतर्विषासारखा पदार्थ त्यास कारणीभूत असावा, असे प्रारंभी वाटत होते. जनुकसंच उलगडल्यावर मात्र हा पदार्थ तयार करण्यास आवश्यक असलेली जनुकेच वोल्बाकियात नसल्याचे आढळले. पुढील अभ्यासांत जीवाणूच्या आवरणातील लिपोप्रथिनांकडे बोट दाखवले गेले. ही लिपोप्रथिने टोल-सदृश ग्राहक-२ व ग्राहक-६ यांच्या जोडीमार्फत ओळखली जातात.

जिवंत, निरोगी कृमीच्या पेशींत बंद असलेले वोल्बाकिया प्रतिकार यंत्रणेच्या दृष्टीआड राहतात. कृमी नैसर्गिकरीत्या किंवा औषधाने मेला, पिल्ले मेली अथवा मादीने गर्भाशयातील द्रव्यासह पिल्ले बाहेर सोडली, की ते किंवा त्यांचे अवशेष ऊतींत मिसळतात. म्हणूनच या रोगांत दीर्घकाळ शांतता आणि मध्येच तीव्र दाहाचे झटके असा क्रम दिसतो.

नदी-अंधत्वातील डोळ्यांची हानी

डोळ्यातील पारदर्शक पटलात, म्हणजे स्वच्छमंडलात, ऑन्कोसर्काची पिल्ले जिवंत असेपर्यंत सहसा त्रास देत नाहीत. ती मरतात तेव्हा तेथे न्यूट्रोफिल व इओसिनोफिल जमा होतात. दाह वारंवार झाल्याने पटलावर व्रण उरतात, ते अपारदर्शक होते आणि अखेर दृष्टी जाते.

या दाहातील वोल्बाकियाचा वाटा दाखवणारा एक महत्त्वाचा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या रुग्णांच्या गाठींतून काढलेल्या, म्हणजे वोल्बाकिया नष्ट झालेल्या कृमींचा अर्क उंदरांच्या स्वच्छमंडलात टोचण्यात आला. औषध न घेतलेल्या रुग्णांच्या कृमींचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचण्यात आला. जीवाणूयुक्त अर्कामुळे पटल सुजले व धूसर झाले. जीवाणूविरहित अर्काने घडवलेला दाह त्या मानाने सौम्य होता. मुळातच वोल्बाकिया नसलेल्या अकँथोकायलोनेमा व्हिटी या कृमीच्या अर्कानेही तसा दाह झाला नाही.

आफ्रिकेतील एका जुन्या कोड्यावरही यातून प्रकाश पडला. पश्चिम आफ्रिकेत गवताळ प्रदेशातील ऑन्कोसर्कामुळे अंधत्वाचे प्रमाण मोठे असते, तर अरण्य प्रदेशातील त्याच जातीच्या कृमीमुळे ते कमी असते. दोन्ही प्रकारच्या कृमींची तुलना केली असता गवताळ प्रदेशातील कृमींत वोल्बाकियाचे प्रमाण अधिक आढळले.

हत्तीरोगातील लसीका वाहिन्यांची हानी

हत्तीरोगात हानीचे अनेक मार्ग एकत्र येतात. जिवंत कृमींमुळे लसीका वाहिन्या हळूहळू रुंद व शिथिल होतात आणि त्यांतील द्रव पुढे वाहून नेण्याची क्षमता घटते. कृमी मेला की त्या ठिकाणी तीव्र दाह होतो. वाहिन्यांची वाढ घडवणारे व्हीईजीएफ गटातील रेणूही रुग्णांच्या रक्तात वाढलेले आढळतात. डॉक्सिसायक्लिनच्या उपचारानंतर ते कमी झाल्याचे घानामधील अभ्यासात दिसून आले. ब्रुगियाची लागण झालेल्या रीसस माकडांत वोल्बाकियाच्या पृष्ठप्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे पायावर सूज दिसू लागण्याच्या सुमारास आढळली.

एकदा सूज आली की रोगाची पुढील वाटचाल प्रामुख्याने वेगळ्याच जीवाणूंमुळे होते. बोटांच्या बेचक्यांतील भेगा व जखमांतून त्वचेवरील सामान्य जीवाणू आत शिरतात. निचरा नीट होत नसल्याने ते तेथे वाढतात आणि ताप व वेदनांचे झटके येतात. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी अधिक घट्ट होते. त्यामुळे पाय रोज साबण व पाण्याने धुणे, बेचक्या कोरड्या ठेवणे, जखमांवर मलम लावणे, पाय उंचावर ठेवणे आणि व्यायाम करणे हा सुजलेल्या पायाच्या काळजीचा मुख्य आधार आहे. कोणतेही औषध त्याची जागा घेऊ शकत नाही.

औषधानंतर येणारा ताप

डायइथिल कार्बामाझिन, संक्षेपाने डीईसी, हे हत्तीरोगावरील औषध १९४७ मध्ये पुढे आले. मूळचे आंध्र प्रदेशातील शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते विकसित झाले. हे औषध घेतल्यावर काही रुग्णांना ताप, अंगदुखी, डोकेदुखी, मळमळ किंवा गाठींना सूज असा त्रास होतो. नदी-अंधत्वाच्या रुग्णांत ही प्रतिक्रिया फार तीव्र असू शकते: त्वचेला असह्य खाज सुटते, रक्तदाब घसरतो, डोळ्यांची हानी वाढते. मेक्सिकोतील लुइस माझोटी यांनी १९४८ मध्ये वर्णन केल्यामुळे तिला माझोटी प्रतिक्रिया म्हणतात. याच कारणाने नदी-अंधत्वाच्या प्रदेशात डीईसी दिले जात नाही; तेथे आयव्हरमेक्टिन वापरतात. आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हा त्रास औषधाच्या विषारीपणामुळे होत नाही. मायक्रोफायलेरिया एकदम मोठ्या संख्येने मेल्याने होणारी ही शरीराची प्रतिक्रिया होय. उपचारानंतर रुग्णांच्या रक्तात वोल्बाकियाचा डीएनए आढळला आणि पिल्ले जितकी अधिक तितका त्रास अधिक, असेही दिसून आले. ज्याच्या रक्तात कृमी नाहीत त्याला गोळ्यांनंतर सहसा असा ताप येत नाही.

जीवाणूंची ढाल

वोल्बाकिया दाह वाढवत असतील तर कृमी त्यांना का बाळगतो, असा प्रश्न उपस्थित होतो. पोषण हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर गुरांवरील अभ्यासातून मिळाले. आफ्रिकेतील गुरांत ऑन्कोसर्का ऑकेंगी हा माणसातील कृमीचा निकटचा नातलग आढळतो. त्याच्या गाठींत कृमीभोवती न्यूट्रोफिलांचा दाट वेढा असतो. गुरांना टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक दिल्यावर वोल्बाकिया कमी झाले आणि न्यूट्रोफिल नाहीसे झाले. त्यांच्या जागी इओसिनोफिल आले, त्यांनी आपली विषारी प्रथिने थेट कृमीच्या त्वचेवर ओतली आणि कृमी मरू लागले.

यावरून असा तर्क मांडला गेला की, वोल्बाकिया प्रतिकार यंत्रणेची दिशाभूल करतात. कृमीच्या कातडीला इजा करू न शकणाऱ्या न्यूट्रोफिलांना ते स्वतःभोवती गोळा करतात. त्यामुळे कृमीला खरोखर मारू शकणाऱ्या इओसिनोफिलांना जवळ जाता येत नाही. चोर पकडण्यासाठी आलेल्या गर्दीनेच पोलिसांची वाट अडवावी, तसा हा प्रकार आहे. माणसातील ऑन्कोसर्काच्या गाठींतही वोल्बाकिया व न्यूट्रोफिल यांचा असाच संबंध आढळतो आणि डॉक्सिसायक्लिननंतर न्यूट्रोफिलांची गर्दी ओसरते.

प्रतिजैविकाने उपचार

डीईसी व आयव्हरमेक्टिन ही औषधे मुख्यतः पिल्लांचा नाश करतात. आयव्हरमेक्टिनने प्रौढ कृमी सहसा मरत नाहीत. डीईसीने त्यांतील काहीच मरतात. त्यामुळे औषध वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा द्यावे लागते. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त, जुने व जगभर मिळणारे प्रतिजैविक या ठिकाणी उपयोगी पडले. घानामधील नदी-अंधत्वाच्या रुग्णांवरील अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांच्या उपचाराने मादी कृमींच्या गर्भांची वाढ थांबल्याचे दिसले. टांझानियातील वुचेरेरियाच्या रुग्णांना आठ आठवडे औषध दिल्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या अंडकोशातील जिवंत कृमींची वळवळ सोनोग्राफीत दिसते. तिला ‘फायलेरियाचे नृत्य’ असे म्हणतात. उपचारानंतर १४ महिन्यांनी बहुसंख्य रुग्णांत हे नृत्य थांबलेले होते.

या पद्धतीचा मोठा लाभ म्हणजे कृमी सावकाश मरतात. जीवाणू आधीच नाहीसे झालेले असल्याने त्यांच्यामुळे होणारा दाह कमी राहतो. परंतु तिला मर्यादाही आहेत. औषध रोज ४ ते ६ आठवडे घ्यावे लागते. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ते सामान्यतः देत नाहीत, कारण या गटातील औषधांमुळे वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. त्यामुळे संपूर्ण गावाला एकाच दिवशी गोळ्या खाऊ घालण्याच्या मोहिमेसाठी ते सोयीचे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेका रुग्णासाठी ते वापरले जाते. उपचाराचा काळ एक-दोन आठवड्यांवर आणण्यासाठी नव्या औषधांचा शोध चालू आहे. लिव्हरपूल येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्था या कामात अग्रेसर आहे. उंदरांवरील प्रयोगांत रिफाम्पिसिन व अल्बेंडाझोल एकत्र दिल्यास हा काळ बराच कमी होतो, असे आढळले आहे.

वोल्बाकियाविरहित कृमी

सर्वच फायलेरिया कृमींत वोल्बाकिया नसतात. मध्य व पश्चिम आफ्रिकेतील लोआ लोआ हा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसणारा कृमी जीवाणूविरहित आहे. त्याची पिल्ले रक्तात फार मोठ्या संख्येने असताना आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. ज्यांना लोआ लोआ व ऑन्कोसर्का या दोहोंची लागण झाली आहे, त्यांच्यासाठी डॉक्सिसायक्लिन हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. ते ऑन्कोसर्कातील वोल्बाकिया मारते. लोआ लोआत ते नसल्याने त्याच्या पिल्लांचा एकदम नाश होत नाही. मात्र यामुळेच लोआ लोआवर या औषधाचा उपयोगही होत नाही. वोल्बाकियाविना होणारी ही गंभीर प्रतिक्रिया आणखी एक गोष्ट दाखवते: दाहाचे सगळे खापर जीवाणूंवर फोडता येत नाही, कृमीचे स्वतःचे प्रतिजनही त्यात भाग घेतात.

पशुवैद्यकातही या ज्ञानाचा वापर होतो. कुत्र्यांतील हृदयकृमीवर प्रौढ कृमी मारणारे औषध देण्यापूर्वी डॉक्सिसायक्लिनचा उपचार करण्याची शिफारस आहे. त्यामुळे मेलेल्या कृमींमुळे फुप्फुसांत होणारा दाह कमी होतो.

भारत व महाराष्ट्र

मायक्रोफायलेरिया माणसाच्या रक्तात असतात, हे टिमोथी लुइस यांना १८७२ मध्ये कोलकाता येथे आढळले. भारतातील हत्तीरोगाची जवळजवळ सर्व लागण वुचेरेरिया बँक्रॉफ्टीमुळे होते आणि घाण, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस हा डास तिचा प्रसार करतो. केरळच्या किनारी भागात ब्रुगिया मलायीही आढळत आला आहे. या दोन्ही कृमींत वोल्बाकिया असतात. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्व लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची सार्वत्रिक मोहीम २००४ पासून राबवली जाते. डीईसी, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन ही तीन औषधे एकत्र देण्यास २०१८च्या अखेरीस बिहारमधील अरवल जिल्ह्यापासून प्रारंभ झाला आणि २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात ही पद्धत सुरू झाली. २०२७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवले आहे.

महाराष्ट्रात हत्तीरोगाचा उपद्रव विशेषतः पूर्व विदर्भात आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे त्यासाठी ओळखले जातात. रात्री रक्तनमुने घेणारी हत्तीरोग रात्र चिकित्सालये या भागात परिचित आहेत. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानासाठी उपयुक्त प्रतिजन व प्रतिपिंडे यांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

सार्वत्रिक मोहिमेत गोळ्या घेतल्यावर गावातील काहींना ताप किंवा मळमळ होते. त्यावरून ‘गोळ्या बाधतात’ असा समज पसरतो आणि निरोगी वाटणारी माणसेही पुढच्या वर्षी औषध टाळतात. वस्तुतः असा ताप बहुधा शरीरातील पिल्ले मरत असल्याची व त्यांतील वोल्बाकिया रक्तात मिसळत असल्याची खूण असतो. तो सहसा एक-दोन दिवसांत ओसरतो. त्रास अधिक झाल्यास आरोग्य केंद्रात दाखवणे आवश्यक असते. लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तातील पिल्ले डासांमार्फत शेजाऱ्यापर्यंत पोहोचतात. म्हणून ज्याला आपण निरोगी आहोत असे वाटते त्यानेही गोळ्या घेण्यावर या मोहिमेचे यश अवलंबून असते.

डासांतील वोल्बाकियाशी गल्लत

वोल्बाकिया हे नाव अलीकडे डेंगीच्या संदर्भातही ऐकू येते. एडिस इजिप्ती या डासात वोल्बाकिया सोडल्यास त्याच्या शरीरात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात अशा डासांची चाचणी झाली असून तेथे डेंगीचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने असे डास विकसित केले आहेत. या उपायात जीवाणू डासात मुद्दाम सोडले जातात, तर हत्तीरोग व नदी-अंधत्वाच्या उपचारात ते कृमीतून काढून टाकले जातात. दोन्ही ठिकाणचे जीवाणू एकाच प्रजातीचे असले तरी त्यांचे प्रकार भिन्न आहेत आणि यजमानाशी असलेले त्यांचे नातेही भिन्न आहे.